राहिलेला उत्तररंग

कृष्णरावांनी देवडीच्या पायरीशी चपला काढल्या आणि एकीवर एक ठेवून भिंतीला लावल्या.

“बाबाजी, चपला घाला जी,” आतून आवाज आला. “मंदिर नाई हे. आता म्युझियम हाये.”

बोलणारा विनोद होता, हवेली दाखवणारा माणूस. वय चाळिशीच्या आसपास, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याच्यामागे नागपूरहून आलेलं एक जोडपं आणि तुमसरचे तिघे मित्र उभे होते, सगळे बुटांत. कृष्णरावांनी हसून मान हलवली. पण चपला काही घातल्या नाहीत. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. उरली होती ती नुसती फुसफुस, फाटक्या भात्यातून हवा निसटावी तशी. परक्या माणसासमोर ती काढायला त्यांना संकोच वाटे. ज्या कीर्तनकाराच्या गळ्यावर चार तालुके डोलले, त्या गळ्याची ही गत.

“राहू द्या ना भाऊ,” त्यांची नात मेघा म्हणाली. “आबाले सवय हाये.”

“मले काय! फरशी थंडी हाये. मंग म्हनू नका, विनोदनं सांगतलं नाई.”

मेघा लाखनीच्या शाळेत शिकवायची. ऑपरेशननंतर आबांनी स्वतःसाठी म्हणून काही मागितलं ते हे पहिलंच. पाटीवर त्यांनी खडूनं लिहिलं होतं, ‘आंधळगावच्या रस्त्यावरची हवेली पाहाची हाये.’ एवढंच. कशाला, हे तिनं विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला जुनी घरं पाहावीशी वाटतात, असं समजून तिनं रजा टाकली होती.

पण कृष्णराव हवेली पाहायला आलेच नव्हते. त्यांच्या कमरेला, धोतराच्या कनवटीत, एका चिंधीत बांधलेली सुपारी होती. ती या घरची होती. ती परत करायला ते आले होते.

कीर्तनकाराला बोलावणं म्हणजे सुपारी. यजमानानं पुढे केली, बुवानं कपाळाला लावून घेतली, की शब्द गेला. जमणार नसेल तर सुपारी परत करायची, त्यात कमीपणा नाही. कीर्तन होऊन आरती झाली की सुपारी सुटते. मग ती देवापुढे ठेवा नाहीतर विड्यात घाला. पण या सुपारीचं कीर्तन झालं असंही म्हणता येत नव्हतं आणि झालं नाही असंही नाही. ते अर्धं झालं होतं. म्हणून ती खाता आली नाही, देवाला वाहता आली नाही, की त्या घरच्या दुःखात जाऊन ‘घ्या तुमची सुपारी’ असं म्हणायला पायही धजले नाहीत. जन्म असाच निघून गेला. आता मात्र त्यांना ती कमरेला घेऊन सरणावर चढायचं नव्हतं.

“तर मंडळी,” विनोदनं सुरुवात केली, “ही देवडी. मालगुजाराच्या, म्हनजे इथल्या जमीनदाराच्या, भेटीले आलेला मानूस पह्यले इथंच बसे. हत्ती अंदर जाईन एवढा दरवाजा हाये.”

“हत्ती होता का?” तुमसरच्या एकानं विचारलं.

“नाई. पन दरवाजा तर होता!”

सगळे हसले. विनोद पुढे चालू लागला. त्यानं धानाच्या कोठ्या दाखवल्या, पुरुषभर उंच, आत उतरायला शिडी लावलेल्या. खांबांवर हात फिरवून सांगितलं की हे सागवान कोकाच्या जंगलातलं, बैलगाड्यांनी आणलेलं, आणि एकाही जोडात खिळा नाही. भिंतीचा चुना गुळाच्या पाण्यात आणि बेलफळाच्या गरात मळलेला, म्हणून तो अजून नखानं निघत नाही. नागपूरच्या बाईंनी नखानं खरवडून पाहिलं. त्यांचे यजमान म्हणाले, “अगं, आपलं घर नाही ते!”

कृष्णराव मेघाचा दंड धरून सगळ्यांच्या मागे हळूहळू येत होते. त्यांना कोठ्या दिसत नव्हत्या, खांबही दिसत नव्हते. त्यांच्या कानात त्या अर्ध्या कीर्तनाच्या संध्याकाळची गर्दी होती. अंगणभर कंदील, चुलाण्यावर शिजणाऱ्या भाताचा वास, पेटीवाल्यानं धरलेला काळी दोनचा सूर. तेव्हा ते तिशीतले होते. दाढी काळीभोर, आणि आवाज असा की हवेलीमागच्या तलावाच्या पाळीवरच्या माणसाला शब्द न् शब्द कळावा.

“आन् हा दिवानखाना,” विनोद म्हणाला.

मेघाच्या दंडावरची आबांची पकड घट्ट झाली.

दिवाणखाना दोन मजल्यांच्या उंचीचा होता. खाली काळी-पांढरी फरशी, वर कवेलूंच्या छपराखाली सागवानी तुळया. समोरच्या भिंतीला वरच्या अंगाला एक सज्जा होता आणि त्याच्या पुढ्यात वरपासून खालपर्यंत लाकडी जाळी, बोटभर भोकांची, वेलबुट्टीची. जाळीच्या उजव्या हाताला, खाली, माणसाएवढी उंच पितळी समई उभी होती. समईच्या मधल्या वाटीत ज्योतीच्या आकाराचा एक पिवळा बल्ब लुकलुकत होता.

मंडळी दिवाणखान्याच्या मधोमध गेली. कृष्णराव मात्र भिंतीच्या कडेकडेनं फिरून आले. समईसमोरच्या त्या चार फरशांवर त्यांनी पाय दिला नाही. तिथं उभं राहून कीर्तन झालेलं होतं. ती नारदाची गादी. तुमसरचा एकजण तिथंच बूट रोवून फोटो काढत होता.

“वरती जाळीमागे बाया बसत,” विनोद सांगत होता. “त्यायले खालचं सारं दिसे, खालच्याले त्या दिसत नव्हत्या. भोजराजबाबू इथं खाली लोडाले टेकून. हे शेवटचे मालक. नावाचेच मालगुजार म्हना, मालगुजारी त्याईच्या बापाच्याच वक्ताले गेली होती. त्याईची बायको चंद्रकांताबाई. एकच लेकरू होतं, वीरेंद्र. ते बी गेलं, आठ-नवाचं असतानी.”

“अरेरे! कशानं?” नागपूरच्या बाईंनी विचारलं.

“तापानं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं हात टेकले. तवा बाईनं कीर्तन ठेवलं, लेकराच्या कानावर देवाचं नाव पडाले पायजे म्हनून. आता जी गोष्ट सांगतो, ती ध्यान देऊन आयका. ह्या समईची हाये.”

कृष्णरावांनी खांबाला पाठ लावली.

त्यांना सांगायला कुणी नको होतं. पूर्वरंग नामावर झाला होता. मध्यंतराला भोजराजबाबूंनी स्वतः उठून बुक्का लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला. मग उत्तररंग, म्हणजे गोष्ट, आख्यान. कोणतं आख्यान लावायचं, ते बाईंनीच वरून सांगून पाठवलं होतं: ज्यात आईच्या पुढ्यात गेलेलं लेकरू देव तिला परत देतो, ते. बाई जाळीमागे वीरेंद्रला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कृष्णरावांनी आख्यान असं रंगवलं की खालच्या बाप्यांनीही पंचे डोळ्यांना लावले. आख्यानातली आई निष्प्राण लेकरू देवाच्या पायांशी ठेवते, तिथवर ते आले. मृदंग थांबवायची खूण केली. पुढचा टाहो फोडायला त्यांनी श्वास भरून घेतला.

आणि टाहो वरून, जाळीमागून आला.

सभेला क्षणभर वाटलं, बुवांनीच आवाज काढला. कुणीतरी ‘वाहवा’ म्हणालंसुद्धा. मग वर धावाधाव सुरू झाली.

कृष्णरावांनी झांज फरशीवर ठेवली. हार तसाच गळ्यात. रडत्या घरात कीर्तनकाराला कुणी ‘थांबा’ म्हणत नाही. ते देवडीतून बाहेर पडले आणि बांधाबांधानं चालत राहिले. पुढे कितीतरी दिवस त्यांनी वाट पाहिली, कुणी येईल, एखादा निरोप, एखादा शब्द. काही आलं नाही. पुढे कानावर आलं, की हवेलीत कीर्तनच बंद झालं. भंडाऱ्याचे, रामटेकचे मोठमोठे बुवा आपणहून येतो म्हणाले, तरी बाईंनी कुणाला उभं राहू दिलं नाही. कृष्णरावांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. आपल्या तोंडून अर्धं राहिलेल्या हरिकथेनं या घराचा देवावरचा विश्वास उडाला. आपल्यामुळे. त्यानंतर त्यांनी शेकड्यांनी कीर्तनं केली, पण ते आख्यान पुन्हा ओठांवर आणलं नाही. कुणी फर्माईश केली तर हात जोडून म्हणत, “तेवढं सोडून मांगा, माउली.”

“लेकरू गेलं,” विनोद सांगत होता, “सारे लोक रडून राहिले. नोकर समई शांत कराले आला. तवा बाई म्हने, हात नको लावू. आरती कुठं झाली अजून? कीर्तन अर्धं हाये. लोकाईले वाटलं, बाईचं डोस्कं फिरलं.”

“मग?”

“मंग काय! बाई होत्या तवरी समई मालवली नाई. माझी माय धुरपता, ते तेल घाले. दिवसा बी, राती बी. दरसाल माघातल्या त्या तिथीले बाई इथं सतरंजी आंथरे, हार करे, बुक्क्याची वाटी भरून ठेवे. देवडीचा दरवाजा उघडा. आन् वर जाऊन जाळीमागे बसून राहे. झाकट पडे, अंधार होये, कोनी येत नव्हतं. मंग उठे, हार तलावात सोडे.”

विनोद हे रोज सांगत असणार. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सारं त्याच्या सवयीचं होतं.

“पन मंग बुवाले बलावना काहून नाई धाडला?” तुमसरच्या एकानं विचारलं. “गावात मानसं नव्हते का?”

“हेच माझ्या मायनं इचारलं होतं! म्हने, बाई, एखांदा मानूस पाठवू का? तं बाई काय म्हने... धुरपता, बलावना तं गेला हाये. सुपारी वापस आली का? नाई ना? मंग बुवा येतीन. दुसरी सुपारी धाडली तं पह्यली मोडली असं होते. मंग कीर्तन पह्यल्यापासून लागन. आन् माझं लेकरू तं अर्ध्या आख्यानात हाये.”

नागपूरच्या बाईंनी पदर उगीच सारखा केला.

“आणि तो बुवा?” त्यांच्या यजमानांनी विचारलं.

“कोनाले मालूम? मेला असन. नाईतं सुपारी खाऊन बसला असन कुठं!” विनोद हसला. त्याच्याबरोबर बाकीचेही हसले, मोकळं झाल्यासारखे. “चला, वरचा सज्जा पाहू. जिना अरुंद हाये, डोस्कं सांभाळा.”

बुटांचा आवाज जिन्याकडे गेला. मेघा वळली तर आबा खांबाला धरून खाली सरकत होते.

“आबा! दमले का जी? पानी देऊ?”

त्यांनी तिला वाकायची खूण केली. तिनं कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“इचार त्याले,” ते फुसफुसले. “बाई कवा गेल्या?”

“कोन बाई?”

“इचार.”

मेघानं जिन्याच्या तोंडाशी जाऊन विनोदला थांबवलं. तो दोन पायऱ्या खाली उतरला. “बाई? दोन वर्सं झाले. माघातच गेल्या. त्याईचा पुतन्या नागपूरले राह्यते, त्यानं हवेली कंपनीले चालवाले देली. कंपनी म्हने, लाकडाचं घर, आग लागन. तवा दिवा काढून बल्ब बसवला.”

“काढला म्हनजे... मालवला?”

“तसंच असन. मी नव्हतो त्या दिवशी. काहून?”

मेघानं मागे वळून पाहिलं. आबा उठून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, खांद्यावरचं उपरणं कमरेला आवळलं आणि त्या चार फरशांच्या कडेला वाकून, बोटांनी फरशीला शिवून, ती बोटं कपाळाला लावली. मग ते त्या जागेवर चढावं तसे चढले. चढायला तिथं काही नव्हतं. फरशी सपाटच होती.

मेघाला आबांची कीर्तनं पाठ होती. लहानपणी ती त्यांच्यामागे टाळ घेऊन उभी राहायची. पण ते आता जे सांगू लागले ते तिनं कधीच ऐकलं नव्हतं. ती जवळ गेली, शब्द पोचावेत म्हणून अगदी जवळ. आबा तिच्याकडे पाहत नव्हते. ते वर, जाळीकडे पाहत होते.

सुरुवात नव्हती, नमन नव्हतं. आख्यान मधूनच चालू झालं, जणू कुणी नुकतंच पाणी प्यायला थांबलं होतं.

“...तवा देवाच्या डोळ्याले पानी आलं,” आबांचे ओठ हलत होते. “देव म्हनला, माय, तू मले तुझं सारं देल्लं. आता रडू नको. डोळे पूस. आन् मार हाक. जशी रोज जेवाले बलावतेस ना, तशीच मार. तो खेळाले गेला हाये.”

ते थांबले. उजवा हात वर गेला, झांज धरलेल्या हातासारखा. छाती भरली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली.

पुन्हा त्यांनी श्वास घेतला. पुन्हा हवाच. ओठांवर नाव होतं. ते आख्यानातल्या लेकराचं नव्हतं. मेघाला ते ओठांवरूनच कळलं.

विनोद जिन्यावरून उतरून आला होता. “बुवा,” तो म्हणाला, आणि तो शब्द आपण कसा काय वापरला याचं त्यालाच नवल वाटलं. मग हळूच म्हणाला, “वर आयकू जात नाई जी.”

आबांनी मेघाकडे पाहिलं. मागणं नव्हतं त्या नजरेत. एखादा माणूस दारापर्यंत ओझं आणतो आणि उंबऱ्याशी हात सुटू लागतात, तेव्हा जसा पाहील तसं ते पाहत होते.

मेघानं चपला काढून बाजूला सारल्या. आबांच्या मागे, टाळकऱ्याच्या जागी, ती उभी राहिली. शाळेच्या पटांगणावर पोरांना बोलवायचा तिचा आवाज होता.

“वीरेंद्रऽऽ!”

हाक तुळयांना लागून फिरली. वरच्या सज्जात, जाळीमागे, फळ्यांवर पावलं धडधडली. कुणीतरी धावत येऊन जाळीशी थांबलं. कोण हाका मारतं आहे ते पाहायला आलेली मंडळी असतील, दुसरं कोण असणार. पण आबांच्या तोंडावर जे उमटलं ते मेघानं त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही.

त्यांनी हात जोडले. आरतीला ना ताट होतं, ना निरांजन. ते समईजवळ गेले, दोन्ही तळवे त्या पिवळ्या बल्बवर धरले. ऊब नव्हती त्यात. तरी त्यांनी ते तळवे डोळ्यांना लावले, मग चेहऱ्यावरून फिरवले. मेघानंही तसंच केलं. विनोद दूर उभा होता. त्याचं खर्रा चघळणं केव्हाच थांबलं होतं. त्यानं खिडकीशी जाऊन तोंड मोकळं केलं, पायातले बूट काढले आणि येऊन हात पुढे केले.

आबांनी कनवटीतली चिंधी सोडली. सुपारी काळी, गुळगुळीत झाली होती, बोटांनी घासून घासून. त्यांनी ती समईच्या वाटीत, वातीच्या जागेशी ठेवली. धातूवर एक बारीक टक् आवाज आला.

विनोद त्या सुपारीकडे बघत राहिला. मघाचं आपलं हसणं त्याला आठवलं असावं.

“माझी माय,” तो म्हणाला, “अजून हाये, बुवा. तिले सांगतो मी घरी गेल्यावर. दरसाल माघात इचारते, कोनी आलं होतं का म्हनून.”

कृष्णरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग समईकडे बोट केलं आणि पंजा हळूच खाली आणला.

“बंद करू?” विनोदनं विचारलं.

“शांत करा, म्हनतात,” मेघा म्हणाली.

“हो जी. शांत करतो. पन या एकटीचा खटका नाई. साऱ्या दिवानखान्याचा एकच हाये.”

त्यानं दाराशी जाऊन खटका खाली केला. सगळे दिवे एकदम गेले. काळ्या-पांढऱ्या फरशीचा रंग एक झाला. वरच्या जाळीमागच्या खिडकीतून तलावावरचं दुपारचं ऊन आत येत होतं, ते आता दिसू लागलं. जाळीची वेलबुट्टी खाली उतरून आबांच्या अनवाणी पायांवर पडली होती.

“ओ भाऊ,” वरून हाक आली, “लाइट गेली का?”

विनोदनं खटक्यावरचा हात काढला नाही.

“नाई जी,” तो म्हणाला. “आरती झाली.”